घरी ड्रमची प्रॅक्टिस: इलेक्ट्रॉनिक किट घ्यावं का खरं? खालच्या मजल्यावर नीटची पोरं राहतात

औसा_रोड (लातूर)
नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे. मुलगी आठवीत आहे, शाळेच्या लेझीम पथकात ताशा वाजवायची, तिथूनच नाद लागला आणि आता ड्रमच्या क्लासला जायलीय. क्लासात किट एक आणि पोरं बरीच, त्यामुळं तिच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटं येतात, बाकी वेळ ती घरी उशीवर काड्या मारत बसते. आता घरी काहीतरी घेऊन द्यायचंच असं ठरवलंय. बजेट चाळीस हजार, ओढून ताणून पंचेचाळीस.

अडचण अशी की आम्ही दुसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये, आणि खालचे दोन्ही फ्लॅट नीटच्या तयारीला आलेल्या पोरांना भाड्यानं दिलेत. लातूरकरांना वेगळं सांगायला नको, ही पोरं नांदेड परभणीच नाही तर पार कुठून कुठून घर सोडून येतात, दिवसरात्र पुस्तकात असतात, त्यांच्या डोक्यावर ढुम ढुम करणं मनाला पटत नाही. क्लासचे सर म्हणायलेत खरं किटच घ्या, हात त्याच्यावरच बसतो. दुकानदार म्हणायलाय इलेक्ट्रॉनिक घ्या, हेडफोन लावला की कुणाला पत्ता लागत नाही. दोघंही बरोबर वाटतात. शिवाय आमच्याकडं लाईट कधी जाईल नेम नाही. ज्यांनी घरात दोन्हीपैकी काही ठेवलंय त्यांनी सांगावं.

मागची_रांग (नांदेड)
दादा, आधी पोरीचं अभिनंदन. मी ऑर्केस्ट्रात वाजवतो, लग्नं, गणपती, आणि एप्रिल महिन्यात भीमगीतांचे कार्यक्रम, तेव्हा तर एका रात्री दोन दोन ठिकाणी. आपल्याकडं स्टेजवर खरं किट फार कमी दिसतं, बहुतेक जण ऑक्टोपॅड, म्हणजे काड्यांनी वाजवायचा आठ चौकोनांचा इलेक्ट्रॉनिक डबा, वाजवतात, कारण जीपमध्ये मावतो, माईक लावायची भानगड नाही, आणि त्यातच ढोलकी, ताशा, संबळ सगळे आवाज निघतात. रोलँड कंपनीनं पहिला ऑक्टोपॅड १९८५ ला काढला आणि महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी तो असा उचलला की आता नुसतं पॅड म्हटलं तरी लोकांना तेच समजतं.

पण तुमच्या पोरीला ऑक्टोपॅड घेऊ नका. तिला ड्रम शिकायचाय आणि ड्रम म्हणजे चार हातपाय वेगवेगळे चालणं. ऑक्टोपॅडवर पाय नसतो, जोडता येतो पण कोण जोडत नाही, मग पाय लुळाच राहतो. उजवा पाय किकवर, म्हणजे मोठ्या बास ड्रमच्या पेडलवर, डावा हायहॅटवर, म्हणजे पायानं उघडझाप होणाऱ्या दोन झांजांवर, हे लहानपणी बसलं तर बसलं.

फ्लॅटमध्ये आहात तर इलेक्ट्रॉनिकच. फक्त एक बघा, स्किन, म्हणजे मार पडतो तो वरचा पडदा, जाळीची पाहिजे. रबराचे पॅड असलेली स्वस्त किट येतात, त्याच्यावर तास दीड तास वाजवलं की मनगट धरतं, मार जिरतच नाही, सगळा हातात परत येतो. रोलँडनं १९९७ मध्ये व्ही-ड्रम्स काढले तेव्हा रेमो कंपनीबरोबर जाळीची स्किन आणली, तेव्हा ती लई महाग होती, आता तुमच्या बजेटच्या किटमध्येही स्नेअर (खाली तारा असलेला मुख्य ड्रम) आणि टॉम (बाकीचे ड्रम) यांना जाळी मिळते. सिंबल, म्हणजे झांजा, मात्र रबराचेच असतात.

चर्चचा_ड्रमर (जालना)
मी सरांच्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. मी चर्चमध्ये खरं किट वाजवतो, पाच ड्रमचं, बावीस इंची बास ड्रमचं. सुरुवातीला घरी इलेक्ट्रॉनिकवर शिकून आलेली पोरं आमच्याकडं यायला लागली की पहिल्या रविवारी एकच गोष्ट दिसते, हाताला आवाज आवरता येत नाही. मॉड्यूलमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक किटचा आवाज काढणाऱ्या डब्यात, आवाजाचं बटण असतं, इथं बटण म्हणजे तुमचा हात. प्रार्थना चालू आहे, गाणारी बाई हळू आवाजात गातेय, आणि याची स्नेअर फाडफाड चाललीय. त्याला वाटतं तो हळूच वाजवतोय.

दुसरं म्हणजे स्नेअरवर ठेक्याच्या मध्ये जे बारीक बारीक मार असतात, ज्याला घोस्ट नोट म्हणतात, ते खऱ्या स्किनवर स्टिक जेमतेम इंचभर उचलून पडतात आणि खालची तार हलकेच कुजबुजते. स्वस्त मॉड्यूल हे मार एकतर पकडतच नाही नाहीतर सगळे एकाच तोंडवळ्याचे काढतं. हायहॅटचंही तेच. खऱ्या हायहॅटला पाय किती दाबला त्याप्रमाणं आवाज बदलत जातो, पूर्ण बंद, किंचित सुटलेला, अर्धा, उघडा, आणि त्या मधल्या जागांमध्येच गाण्याची मजा असते. कमी किमतीच्या किटमध्ये बंद, अर्धा, उघडा एवढ्याच पायऱ्या. तारांचा ब्रश तर विसराच, जाळीवर ब्रश फिरवून काही उपयोग नाही.

लेकराची सुरुवात चांगल्या कानानं व्हावी असं मला मनापासून वाटतं. किट बंगल्याच्या गच्चीवर, मावशीच्या घरी, कुठंही ठेवा पण खरं घ्या.

रूमवरचा (लातूर)
मी नीटचा विद्यार्थी आहे, रिपीटर. एवढंच सांगतो की काकांनी विचारलं हेच खूप झालं. आमच्या वरच्या मजल्यावर कुणी जड सामान ओढलं तरी आख्खी खोली भणाणते. वरचा टीव्ही, बोलणं, गाणं याचा त्रास होत नाही, कानात बोळे घातले की भागतं. पण स्लॅबमधून धप धप आलं की ते बोळ्यांनी थांबत नाही, छातीत येतं. दुपारी चार ते सहा आमची बहुतेक सगळी पोरं क्लासला असतात. रविवारी सकाळी टेस्ट असते म्हणून शनिवारी रात्री आम्ही लवकर झोपतो. तुमच्या खालच्या पोरांना एकदा विचारा, ती वेळ सांगतील.

साऊंडवाला (छ. संभाजीनगर)
वरच्या मुलानं एका ओळीत जे सांगितलं ते पूर्ण धाग्यात सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं कामच साऊंडचं आहे.

आवाज दोन वाटांनी जातो, हवेतून आणि बांधकामातून. खरं किट वाजवणाऱ्याच्या कानाशी सहज १०० डेसिबलच्या वर जातं, तो आवाज खिडकी, दार, डक्ट, जिथून फट मिळेल तिथून बाहेर पडतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डेसिबल आहे, म्हणजे फ्लॅटमध्ये उघडं खरं किट हा विषयच संपला. लोक भिंतीला अंड्याचे ट्रे लावतात, दोन इंची फोम लावतात, त्यानं खोलीतला घुमारा कमी होतो, आवाज बाहेर जायचा थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत, जड दार, बुजवलेल्या फटी. त्यात किकचा आवाज ५० ते १०० हर्ट्झच्या आसपासचा, त्याची एक लाट साडेतीन ते सात मीटर लांब, ती दोन इंची फोमला काय जुमानणार.

आता इलेक्ट्रॉनिक. दुकानदार म्हणतो कुणाला पत्ता लागत नाही, हे अर्धं खरं आहे. हवेतला आवाज खरंच थोडा उरतो, जाळीवर टप टप आणि रबरी सिंबलवर टक टक, शेजारच्या खोलीत ऐकू येईल पण शेजारच्या घरात फारसा नाही. पण किकचं पेडल! पायानं मारलेला प्रत्येक ठोका स्टँडमधून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये, आणि खालच्याच्या डोक्यावर. हेडफोन लावलेल्याला ते कधीच कळत नाही, त्याला वाटतं घरात शांतता आहे. फ्लॅटमधल्या इलेक्ट्रॉनिक किटच्या ज्या तक्रारी माझ्याकडं येतात त्या बहुतेक सगळ्या किकच्याच असतात.

म्हणून किट निवडताना स्नेअर किती इंची, आवाज किती हजार, हे नंतर. आधी किक कसली आहे ते बघा. यामाहाच्या डीटीएक्स ४०२ के मध्ये बीटर, म्हणजे पेडलचा हातोडा, नसलेलं किक युनिट येतं, पॅडवर काही आदळतच नाही, त्यामुळं धक्का कमी. रोलँडच्या केटी-१० पेडलमध्ये बीटर उलट्या दिशेनं फिरतो, तेही शांत. याउलट टॉवरवाली किक, म्हणजे उभ्या पॅडवर खरं पेडल बीटर मारतं ती, पायाला खऱ्यासारखी लागते पण धक्का जास्त. खाली माणसं राहत असतील तर टॉवर घ्या पण खाली प्लॅटफॉर्म केल्याशिवाय वाजवू नका.

औसा_रोड (लातूर)
साऊंडवाले दादा, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, दुकानात तर नाहीच. प्लॅटफॉर्म म्हणजे नेमकं काय, लाकडी चौरंगासारखं? आणि रूमवरच्या मित्रा, मी आजच संध्याकाळी खाली जाऊन पोरांना वेळा विचारून येतो. जालन्याचे दादा, तुमचं म्हणणं मनाला लागलं, पण बंगला नाही आणि मावशीचं घरही नाही, पत्र्याची एक खोली गावाकडं आहे ती बस बदलून जावं लागेल एवढी लांब.

साऊंडवाला (छ. संभाजीनगर)
चौरंग नाही, टेनिस बॉलचा प्लॅटफॉर्म. सुताराकडून १८ मिमीचे प्लायचे दोन तुकडे कापून घ्या, किटच्या मापाचे, साधारण पाच बाय चार फूट. खालच्या तुकड्याला होल सॉनं दोन-सव्वादोन इंची भोकं पाडायची, सगळीकडं सारख्या अंतरावर पण किक आणि स्टूल जिथं येतं तिथं जवळ जवळ. टेनिस बॉल साडेसहा-पावणेसात सेंटिमीटरचा असतो, तो भोकात बसतो पण आरपार पडत नाही. त्यावर दुसरा तुकडा ठेवायचा, वर जाड सतरंजी किंवा गालिचा. वरचा तुकडा भिंतीला कुठंही चिकटता कामा नये, चिकटला तर धक्का तिथून भिंतीत जातो आणि सगळी मेहनत वाया. स्टूलही प्लॅटफॉर्मवरच पाहिजे.

बॉल हलके, साधे घ्या. आपल्याकडं क्रिकेटला हार्ड टेनिस वापरतात तो चालत नाही, जाड असतो, दबत नाही, आणि दबणं हेच तर त्याचं काम आहे. बॉल अर्धेमुर्धे चपटे झालेले दिसले तर संख्या वाढवा. काही महिन्यांनी ते बसतात, मग बदलायचे.

जागाही बघून ठेवा. खोलीच्या मधोमध स्लॅब सगळ्यात जास्त हलतो, कॉलमजवळच्या कोपऱ्यात किंवा खाली बीम असेल तिथं कमी. हे फुकटचं आहे म्हणून लोक मनावर घेत नाहीत, पण फरक पडतो. तयार वस्तू पाहिजे असेल तर रोलँडचे नॉईज ईटर म्हणून रबरी पाय येतात पेडल आणि स्टँडखाली घालायचे.

प्लॅटफॉर्म झाल्यावर पोरीला वर वाजवायला बसवा आणि तुम्ही खालच्या पोरांच्या खोलीत जाऊन स्वतः ऐका, हे नक्की करा.

माळवद (अंबाजोगाई)
आमच्याकडचंही सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. आमचं गावातलं घर जुनं माळवदाचं आहे, दगडमातीची दोन हात जाडीची भिंत, वर माती. त्यातल्या आतल्या खोलीत पोराचं खरं किट आहे. खिडकी नाहीच, एक झरोका, तो गोधडीनं बुजवला, दाराला आतून दुसरी जाड फळी ठोकली. अंगणात उभं राहिलं तर किक ऐकू येते, सिंबल जवळपास नाही. गल्लीत तर काहीच नाही. साऊंडवाल्यांनी वजनाचं सांगितलं ते हेच, आमच्या आजोबांनी उन्हापासून वाचायला बांधलेली भिंत आवाजालाही कामी आली. मातीच्या भिंतीमुळं खोलीत घुमारापण नाही. फक्त अशा जुन्या घराची भिंत पोटरली असेल, आढं वाकलं असेल तर आधी ते बघून घ्या, किल्लारीच्या भूकंपात दगडमातीचीच घरं जास्त पडली हे आपल्या भागाला कुणी सांगायची गरज नाही.

गावाकडच्या पत्र्याच्या खोलीबद्दल बोलायचं तर नका ठेवू. पत्रा स्वतःच वाजतो, पावसाळ्यात आवाजानं आणि उन्हाळ्यात उकाड्यानं पोरगी बसणार नाही.

एक चांगली गोष्ट, खऱ्या ड्रमच्या स्किनला आपल्या उन्हाचा त्रास नाही. हलगी पावसात उतरते, शेकोटीवर धरून तापवावी लागते, तशी ही भानगड नाही, प्लॅस्टिकची स्किन असते. धूळ मात्र लई, पेडलच्या स्प्रिंगमध्ये आणि हायहॅटच्या नळीत जाते. वर चादर टाकत जा.

मागची_रांग (नांदेड)
जालन्याच्या दादांच्या मुद्द्याला माझंही +१, पण त्याला उपाय आहे. इलेक्ट्रॉनिकवर शिकणाऱ्यानं तीन गोष्टी केल्या तर खऱ्यावर अडत नाही.

पहिली, वेगळं प्रॅक्टिस पॅड घ्या, किटच्या तुलनेत पैसे काहीच नाहीत. सिंगल स्ट्रोक, डबल स्ट्रोक (एका हातानं लागोपाठ दोन मार), पॅराडिडल हे हाताचे सराव सगळे त्याच्यावर, मेट्रोनोम, म्हणजे टिक टिक लय देणारं यंत्र, लावून. जाळीवर स्टिक फार उसळते, ट्रॅम्पोलिनसारखी, त्यामुळं डबल स्ट्रोक आपोआप येतोय असं वाटतं, खऱ्या फ्लोअर टॉमवर गेलं की तोच हात गळपटतो. पॅडवर तसं फसत नाही. जाळी थोडी ताणून घेतली, पण फार नाही, तर जरा बरं.

दुसरी, मॉड्यूलमध्ये सेन्सिटिव्हिटीची सेटिंग असते ती पोरीच्या हाताप्रमाणं बसवा. दुकानातून येते तशी ठेवली तर हलका मार आणि जोराचा मार सारखाच वाजतो, आणि लेकरू जोरात मारायला शिकतं. आवाज कमी करून वाजवू नका म्हणत नाही, पण हेडफोनमध्ये हळू मार हळूच ऐकू आला पाहिजे.

तिसरी, आठवड्यातून एकदा तरी खऱ्या किटवर. क्लासची ती पंधरा मिनिटं वाया जातात असं समजू नका, घरी पाठांतर करून तिथं जायचं, आणि तिथं फक्त आवाज ऐकायचा, हात किती उचलला की किती वाजतं.

लाईटचं म्हणाल तर चिंता करू नका. मॉड्यूलला वीज अगदी थोडी लागते, ॲडॉप्टरवर चालतं. वायफाय राउटरला लावतात तो छोटा यूपीएस पुरतो, फक्त ॲडॉप्टरवर लिहिलेला व्होल्ट, अँपिअर आणि पिनची प्लस-मायनसची बाजू जुळवून घ्या, सगळ्या कंपन्यांची एकसारखी नसते, उलटी लागली तर मॉड्यूल जाऊ शकतं. व्होल्टेज वरखाली होतं त्यासाठी स्पाईक गार्ड लावा. आणि लाईट गेली की पॅड आहेच.

हेडफोन वायरचा घ्या, कान पूर्ण झाकणारा. ब्लूटूथचा अजिबात नको, मार आधी आणि आवाज नंतर येतो, लय बिघडते.

चर्चचा_ड्रमर (जालना)
नांदेडच्या दादांनी सांगितलं तसं करणार असतील तर माझी हरकत नाही. मॉड्यूलमध्ये ऐंशी शंभर किट असतात, पोरं रोज आवाजच बदलत बसतात. एकच साधं ॲकॉस्टिक किट निवडून द्या आणि बरेच दिवस तेच ठेवा.

मधला मार्गही आहे, तो कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. खऱ्या किटला जाळीची स्किन बसवायची, रेमोची सायलेंटस्ट्रोक किंवा इव्हान्सची डीबी वन, आणि सिंबलच्या जागी भोकं असलेले कमी आवाजाचे, झिल्डजनचे एल८० सारखे. कंपनी ८० टक्के आवाज कमी म्हणते. पेडल खरं, हायहॅट खरा, हालचाल सगळी खरी. पण दुसऱ्या मजल्यावर किकचा धक्का तसाच राहतो, प्लॅटफॉर्म लागेलच, आणि किट अधिक सिंबल मिळून तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल. माळवदाच्या घरवाल्यांना हे जास्त शोभेल.

आणि कानाची काळजी घ्या, दोन्हीकडं. अमेरिकेतल्या निओश संस्थेच्या हिशोबानं ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. आमच्या चर्चमध्ये मी प्रत्येक पोराला इअरप्लग घालायला लावतो. हेडफोनवर तर लेकरं आवाज वाढवतच नेतात, बटणावर खूण करून द्या, याच्या पुढं नाही.

औसा_रोड (लातूर)
सगळ्यांचे मनापासून आभार. खालच्या पोरांना भेटून आलो. त्यांनी साडेचार ते सहा सांगितलं, आणि परीक्षेच्या आधीचा महिना पूर्ण बंद, ते मी लगेच कबूल केलं. पोरीला सांगितलं तर ती म्हणाली त्या महिन्यात पॅड वाजवते.

ठरलंय असं: जाळीच्या स्किनचं इलेक्ट्रॉनिक, बीटर नसलेली किक मिळाली तर ती, नाही मिळाली तर टॉवर. प्लॅटफॉर्म दोन्हीत करायचाच. सुताराशी बोललो, उद्या प्लाय बघायलोय. पॅड आणि वायरचा हेडफोन धरून बजेट तंग होतंय म्हणून एक जण जुनं किट देतो म्हणायलाय, दोन वर्षं वापरलेलं, तेही बघावं का? बघताना काय तपासायचं?

मागची_रांग (नांदेड)
बघा, जुनं घ्यायला हरकत नाही, पण मालकाच्या घरी जाऊन, त्याच्याच लाईटवर, तुमचा हेडफोन घेऊन बघा. प्रत्येक पॅड आधी एकदम हळू मारा मग जोरात, दोन्ही आवाज वेगळे आले पाहिजेत. एक पॅड मारल्यावर दुसरं वाजतं का बघा, वाजलं तर सेटिंगनं जातं बहुतेक वेळा पण किंमत कमी करायला कारण मिळतं. हायहॅटचं पेडल सावकाश दाबत उघडत स्टिक मारत राहा, सगळ्यात आधी तेच खराब होतं. सिंबल मारून कड धरली की आवाज लगेच थांबतो का, म्हणजे चोक होतो का, तेही बघा. केबल पॅडच्या तोंडाशी हलवून बघा, आवाज तुटला तर जॅक ढिला आहे. जाळीच्या मधोमध बोट फिरवा, खड्डा किंवा तुटलेला धागा लागला तर स्किन बदलावी लागेल. ॲडॉप्टर किटबरोबरचाच आहे का ते विचारा. आणि पोरीला बरोबर न्या, स्टूलवर तीच बसू दे, पाय पेडलपर्यंत नीट पोचतो का ते तिथंच कळेल.

साऊंडवाला (छ. संभाजीनगर)
यात एकच जोडतो, जुन्या किटची किक पण ठोकून बघा आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी त्यांच्या खालच्या मजल्यावर उभं करा. प्लायची मापं इथं टाका, भोकांची आखणी मी काढून देतो.